रापण: बारा प्रिंट्सच्या नोंदी

19 ऑगस्ट 2024
नारळी पौर्णिमा. पाऊस उघडझाप करतोय. घरात आर्द्रता 91 टक्के.

माळ्यावरून निगेटिव्हचे डबे उतरवले. 1997 ते 2009 एवढ्या वर्षांतली रापण त्यात आहे, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोरांनी जाळं ओढायची मासेमारी. देवबाग, दांडी, चिवला, तोंडवळी, आचरा, सगळे मालवणच्या आसपासचे किनारे. सगळं यशिका मॅट 124 जी कॅमेऱ्यावर, 120 फिल्म, एका रोलला बारा चौकोनी फ्रेम. 140 रोल भरले. त्यातून बारा फोटो निवडून मार्चपर्यंत मुंबईतल्या एका गॅलरीला द्यायचेत. पद्धत पॅलेडियम, म्हणजे चित्र शाईचं नाही, पॅलेडियम या धातूचं. ही कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह जेवढी तेवढीच प्रिंट. म्हणून मूळ फिल्म स्कॅन करून आठ इंची डिजिटल निगेटिव्ह काढायची, ती लेप दिलेल्या कागदावर टेकवून वरून ऊन द्यायचं.

डब्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्यात. म्हणजे त्या कधीच्याच संपल्या आणि मी बघितलं नाही. तव्यावर भाजून परत निळ्या केल्या. घरात वास कसला म्हणून विचारणा झाली.

पागोळ्यांखालचे दोन्ही ड्रम भरलेत. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून दिलं होतं. कौलांवर उन्हाळाभर समुद्राचं मीठ बसलेलं असतं, ते आधी जाऊ द्यावं लागतं.

24 ऑगस्ट
एकेक पट्टी लाइट बॉक्सवर बघितली. 23 फ्रेम बुरशीने खाल्ल्यात. कोळ्याच्या जाळीसारखे तंतू, मधूनच ठिपके. फिल्मवरचा जिलेटीनचा थर हेच तिचं अन्न. आणि बुरशीने खाल्लेलं जिलेटीन पाण्यात विरघळतं, हे मी 2003 साली शिकलो. आचऱ्याची एक फ्रेम होती, दोन बाजूंना दोर आणि मध्ये नुसतं आकाश. बुरशी दिसली म्हणून नळाखाली धरली. आकाश सरकलं, बेसिनच्या जाळीत जाऊन बसलं. दोर तेवढे राहिले. ती फ्रेम अजून टाकलेली नाही, कोरी जागा उजेडात धरून अधूनमधून बघतो. बुरशीला पाणी लावायचं नाही. कोरड्या मऊ ब्रशने झाडायचं, फार तर फिल्म क्लीनर.

कॅमेऱ्यांच्या कपाटात वडिलांच्या वेळेपासून 40 वॅटचा दिवा जळतो, लेन्सवर बुरशी धरू नये म्हणून. आता तसला तारेचा दिवा मिळवायला तीन दुकानं फिरावी लागतात. एलईडी मिळतो, पण तो तापत नाही. कपाटाला उजेड काय करायचाय?

2 सप्टेंबर
गॅलरीला दीडशे शब्दांत 'कलावंताचा परिचय' हवाय. चार वेळा लिहिला, चारही वेळा दुसऱ्याच कुणाचा वाटला. तिकडे पाठवायचा तो पाठवीन, इथे खरा लिहून ठेवतो.

वडिलांचा बाजारपेठेत स्टुडिओ होता. पासपोर्ट, साखरपुडे, आणि माणूस गेल्यावर भिंतीवर लावायचे मोठे फोटो. दहावीत असताना मी निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करायचो. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं टोकदार शिसाने भरून काढायचं. निगेटिव्हवर जिथे शिसं लावाल तिथे प्रिंट उजळते. गावातल्या निम्म्या मयत माणसांचे चेहरे मी गुळगुळीत केलेत. सेपिया टोनिंगला सोडियम सल्फाइड वापरायचो, सडक्या अंड्यांचा वास सुटायचा, शेजारचा खानावळवाला भांडायला यायचा.

1993 ला मुंबईत गेलो, ब्लॅक अँड व्हाइट लॅबमध्ये प्रिंटर म्हणून. दिवसाला दीडशे प्रिंट, सगळ्या दुसऱ्यांच्या. तिथे एक कळलं की फोटो काढणारे बरेच असतात, आपल्या निगेटिव्हमध्ये काय आहे हे कळणारे कमी. दुपारच्या सुट्टीत जहांगीरच्या गच्चीवरच्या गॅलरीत फोटो बघायला जायचो. सुट्टीला गावी आलो की पहाटे रापणीवर. 2004 मध्ये लॅबचं काम आटलं. परत आलो, लग्नांचे व्हिडिओ केले, अजून करतो. पहिलं प्रदर्शन 2012. इंकजेट प्रिंट्स होत्या. परत आल्या तेव्हा चार प्रिंट्स लाटांसारख्या वाकलेल्या. गोदामात ओल होती म्हणे. मुंबईच्या माणसाने कोकणातल्या माणसाला ओलीचं कारण सांगावं!

हे त्यांना कसं पाठवणार?

11 ऑक्टोबर
पाऊस मागे सरलाय. आर्द्रता 78.

पाण्याची परीक्षा घेतली. कोऱ्या कागदाच्या तीन पट्ट्या रात्रभर भिजवल्या: विहिरीचं पाणी, नळाचं, पागोळ्यांचं. विहिरीची पट्टी सकाळी पिवळसर. आमची विहीर जांभ्यात खोदलेली, आणि जांभा लाल असतो तो लोहामुळेच. पॅलेडियममध्ये प्रकाशाला दाद देणारं जे द्रव्य आहे तेही लोहाचंच, फेरिक ऑक्झलेट. ऊन लागलं की त्यातलं लोह बदलतं आणि डेव्हलपरमध्ये पॅलेडियमचं धातूत रूपांतर करतं. काम झालं की ते लोह कागदातून पुरतं धुऊन काढायचं, नाही तर पांढरं पिवळं पडतं. आता लोह काढायला लोहाचं पाणी वापरायचं म्हणजे शेणाने शेण सारवणं. धुण्याला पागोळ्यांचं पाणी, विहिरीचं फक्त ट्रे विसळायला.

26 ऑक्टोबर
पहिला लेप. माजघरात पिवळा दिवा, खिडकीला गोणपाट.

एका प्रिंटला फेरिक ऑक्झलेटचे 10 थेंब आणि पॅलेडियमचे 10. छोट्या काचेच्या पेल्यात एकत्र करून हलवले, कागदाच्या मधोमध एकदम ओतले, लगेच रुंद ब्रशने उभे-आडवे फटके. जोर द्यायचा नाही. ब्रश आधी पाण्यात भिजवून झटकून घ्यावा लागतो, कोरडा ब्रश निम्मा माल पिऊन टाकतो आणि हा माल सोन्याच्या पंगतीतला आहे. चकाकी जाईपर्यंत कागद आडवा ठेवायचा. मग पंख्यासमोर.

दुपारी साडेबाराला खळ्यात चौकट मांडली. ऊन साडेचार मिनिटं. निगेटिव्ह आणि कागद यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकची फिल्म घातली होती, तरी उचलताना किंचित चिकटली. उन्हातून काढल्यावर कागदावर नुसती सावली दिसते, कुणी तरी श्वास सोडल्यासारखी. ट्रेमध्ये ठेवून अमोनियम सायट्रेटचा डेव्हलपर एका दमात ओतला की क्षणात पुरता फोटो. ओतताना हात अडखळला की अडखळल्याची रेघ कायमची. आज अडखळला. पहिली प्रिंट रेघेची.

दुसरी बिनरेघेची. काळा रंग गार, खोल. रापणीचा दोर ओला आहे हे दिसतं. रात्री तीनदा उठून बघून आलो.

9 नोव्हेंबर
दिवाळीच्या सुट्टीला भाची आलीय. तिच्यासाठी सायनोटाइपचं सामान काढलं. ओहोटीला खडकावरून शेवाळ आणलं, गोड्या पाण्यात धुतलं, लेप दिलेल्या कागदावर पसरून वर काच. सात मिनिटं ऊन, मग बादलीत. निळ्यावर पांढरं शेवाळ, बारीक केसांसकट. तिला सांगितलं, इंग्लंडात ॲना अ‍ॅटकिन्स नावाच्या बाईंनी 1843 पासून अशाच शेवाळाच्या छापांचं पुस्तक केलं, फोटो छापलेलं जगातलं पहिलं. ही निळी रीत जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने काढली त्याला तेव्हा एकच वर्ष झालं होतं.

"मग तू तुझे फोटो निळे का नाय करत? स्वस्त आहे ना?"

स्वस्त आहेच. गॅलरीवालेही म्हणाले होते, निळ्याला उठाव आहे, समुद्राचा विषय आहे. पण समुद्र माझ्या फोटोंत फार थोडा आहे. दोर ओढणारी माणसं वाळूत टाचा रुतवून मागे रेललेली असतात, त्यांच्या पोटऱ्या, पाठी. निळ्यात माणसाची कातडी मेल्यासारखी दिसते. हे माझं मत. भाचीला पटलं नाही, ती दिवसभर निळंच करत होती. संध्याकाळी बायकोने एक कागद सोड्याच्या पाण्यात टाकला तर निळं पार उडालं. भाची रडकुंडीला. मग तोच कागद चहाच्या पाण्यात घातला, तपकिरी-काळा होऊन परत आला. तिला तो सगळ्यात आवडला.

28 नोव्हेंबर
काही तरी बिनसलंय. पाच नंबरची निगेटिव्ह (देवबाग, होडी पाण्यात लोटताना) सकाळी नऊला छापली: तपकिरी, उबदार, अंधारात दम नाही. दुपारी तीनला तीच निगेटिव्ह, तेवढेच थेंब, तोच कागद: काळी. ऊन बदललं म्हणावं तर वेळ त्या हिशोबाने वाढवला होता.

30 नोव्हेंबर
परत तेच. सकाळी तपकिरी, दुपारी काळी.

5 डिसेंबर
फेरिक ऑक्झलेट खराब झालं असेल म्हणून चाचणी घेतली. लेप दिलेली पट्टी ऊन न दाखवता तशीच डेव्हलपरमध्ये. राखाडी झाली असती तर द्रावण गेलं. झाली नाही, स्वच्छ पांढरी. द्रावण ठीक आहे. कागदाचा गठ्ठा बदलून बघितला. डेव्हलपर ताजा केला. ब्रश बदलला. नऊ प्रिंट्स वाया. पॅलेडियमची बाटली उजेडात धरली की पातळी कशी उतरलीय ते दिसतं आणि पोटात गोळा येतो.

भाचा कुडाळहून आलेला. त्याने विचारलं, एवढा जीव काढून हे छापायचं कशाला, चांगला इंकजेट आहे की घरात. धातूची प्रिंट टिकते, हे उत्तर मी सगळ्यांना देतो. प्लॅटिनमची रीत विल्यम विलिसने 1873 मध्ये पेटंट केली, त्या काळच्या प्रिंट्स अजून शाबूत आहेत. पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम लष्कराने उचललं, मिळेना झालं, तेव्हा पॅलेडियमचे कागद बाजारात आले. म्हणजे माझी रीत टंचाईतून आलेली. पण खरं उत्तर ते नाही. इंकजेटमध्ये मी मधल्या राखाडीला शंभर वेळा हलवू शकतो, म्हणून शंभर वेळा हलवतो आणि ठरवतच नाही. इथे वीस थेंब ओतले की ठरलं.

मग तो म्हणाला, असलं जुनं आपल्याकडे कोणी करायचं का? त्याला नारायण दाजींचं सांगितलं. डॉ. भाऊ दाजींचे भाऊ, स्वतः डॉक्टर, आणि 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली तिथले सुरुवातीचे फोटोग्राफर. दमट हवा त्यांनाही होतीच. कपाटात लावायला दिवा मात्र नव्हता.

14 डिसेंबर
तात्या आले होते. वय ऐंशीच्या पुढे, दांडीची रापण त्यांनी चाळीस वर्षं ओढली. खळ्यात दोन्ही प्रिंट्स बाजूबाजूला वाळत होत्या. मी त्यांना माझं गाऱ्हाणं सांगितलं. सकाळची अशी, दुपारची तशी.

"सकाळी मतलई असता," तात्या म्हणाले. "तुझो कागद सुकतलोच. दोनपारी खारो वारो सुटता, तेवा मीठसुदा पाझारता. कागद काय वेगळो?"

मी गप्प. पन्नाशी ओलांडलेला, किनाऱ्यावर जन्मलेला माणूस मी. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा, सकाळपर्यंत असतो, कोरडा. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, ओला. थंडीत हा फरक जास्त. पावसात दोन्हीकडे ओलच, म्हणून ऑक्टोबरात काही कळलं नव्हतं. हायग्रोमीटर माजघरात टांगलाय आणि मी तो सकाळी एकदा बघून वहीत आकडा लिहितो, चहाबरोबर. दुपारी कधी बघितलाच नाही.

22 डिसेंबर
सबंध दिवस एकच निगेटिव्ह. सकाळी आठ, आर्द्रता 44: तपकिरी, जवळजवळ तांबूस. अकरा वाजता 52: अजून तपकिरी, पण गडद भागांत दम आलाय. दुपारी दोन, 66: काळ्याकडे. चार वाजता 71: गार काळी, आणि निगेटिव्ह चिकटायला लागली. मग उलट करून बघितलं. चारच्या हवेत कागद हेअर ड्रायरने कडक वाळवला: तपकिरी. लेप दिलेला दुसरा कागद बंद पेटीत कोमट पाण्याच्या ट्रेवर वीस मिनिटं धरला: काळी.

म्हणजे बाटल्यांत काही नव्हतंच. रंग कागदातल्या ओलीत होता. कोरड्या हवेच्या शहरांत हीच रीत करणारे खोलीत वाफेची यंत्रं लावून बसतात. आणि मी तीस वर्षं या हवेला शिव्या देत कपाटात दिवा जाळतोय.

8 जानेवारी 2025
आता दोन्ही रंग हातात आहेत, तर कुठल्या फोटोला कुठला, हा घोळ. भाच्याची सूचना: जे फोटो सकाळी काढले ते मतलईत छापायचे, दुपारचे खाऱ्या वाऱ्यात. ऐकायला छान. गॅलरीच्या भिंतीवर लिहायलाही छान, ते खूश होतील. पण चूक आहे. चार नंबरचा फोटो पहाटेचा, मासळीचा ढीग आणि वाकलेल्या बायका; तो तपकिरी केला तर बांगडे सुके वाटतात. बांगडा काळाच पाहिजे, पाठीवरचे पट्टे ओले दिसले पाहिजेत. उलट नऊ नंबर, भर दुपारी होडीच्या सावलीत झोपलेली माणसं, तिला तपकिरीच शोभते.

एकेक घेऊन ठरवलं. आठ काळ्या, चार तपकिरी.

वाळल्यावर प्रिंट अर्धी पायरी गडद होते हे धरून ट्रेमध्ये थोडी फिकीच सोडायची. ओली प्रिंट नेहमी सुंदर दिसते, तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

19 जानेवारी
सात नंबर तात्यांना दाखवली. 1999, चिवला, दोराच्या शेवटच्या टोकाला एक माणूस, कमरेला दोर गुंडाळून मागे झुकलेला. माझ्या मते सगळ्यांत चांगला फोटो. नाव 'रापणकर' ठरवलेलं. तात्यांनी प्रिंट हातात धरली, म्हणजे कडेला अंगठे न लावता, तळहातांवर. मी सांगितलं नव्हतं.

"हो आमच्या रापणीतलो न्हय."

"मग कोण, तात्यानू?"

"पावणो. मासे बघूक इल्लो. दोराक हात लावल्यान, वाटो घेवन गेलो."

मग मागच्या रांगेतला धूसर माणूस दाखवला. "हो मी. माका एवढो काळो कित्याक केलंस?"

पंचवीस वर्षं मी त्या पाहुण्याला रापणकर म्हणून बघतोय. त्याची टाच सैल आहे, वाळूत नीट रुतलेलीच नाही, हे आज दिसलं. तात्यांची रुतलेली आहे. नाव बदललं: 'पाहुणा, चिवला, 1999'. आणि मागच्या रांगेवरचा गडदपणा कमी करून नवी डिजिटल निगेटिव्ह काढली. मध्ये प्लास्टिक, 60 टक्के ओल, ऊन पाच मिनिटं. आता तात्यांचा चेहरा दिसतो.

6 फेब्रुवारी
प्रत्येकी सात प्रतींची आवृत्ती. गॅलरी पंचवीस म्हणत होती. पंचवीस मला झेपणार नाहीत आणि खरं सांगायचं तर बाटलीलाही. नंबर मऊ पेन्सिलीने, प्रिंटच्या खाली डाव्या बाजूला, सही उजवीकडे. शाई नको, ओलीत पसरते. कागदाच्या कडेला ब्रशचे फटके दिसतात ते झाकायचे की ठेवायचे यावर फोनवर अर्धा तास गेला. त्यांना ठेवायचेत, 'हातकाम दिसतं' म्हणून. मला झाकायचेत. हातकाम दाखवायला मी कुंभार आहे का, असं म्हणून बसलो. मग वाटलं कुंभारही दाखवत नाही. चौकटीत झाकायचे ठरले.

शेवटचं धुणं झालं. सायट्रिक ॲसिड, मग उरलेलं लोह काढणाऱ्या ईडीटीएच्या तीन ट्रे, मग पाऊण तास पागोळ्यांचं पाणी. एक ड्रम रिकामा, दुसऱ्यात तळाला चार बोटं.

24 फेब्रुवारी
आंगणेवाडीच्या जत्रेमुळे दोन दिवस कुणी हाताशी नव्हतं, आज बांधाबांध. प्रत्येक प्रिंटच्या मागे-पुढे ॲसिडविरहित कागद, पेटीत ताज्या भाजलेल्या सिलिका जेलच्या पुड्या, पुडीवर तारीख. पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ओल लागू देऊ नये. खाली फोन नंबर.

सात नंबरची पहिली, काळी प्रिंट, जिच्यात तात्या दिसत नाहीत, ती फाडायला घेतली होती. तात्या म्हणाले, ती दी माका. चांगली देतो म्हटलं तर नको. पावण्याच्या घरच्यांना द्यायचीय, तो मालवणातच राहायचा, गेला मागच्या वर्षी. मी सही करत होतो तर म्हणाले, ता कित्याक, तुझो फोटो थोडोच असा.

फेरिक ऑक्झलेट 30 मिली उरलंय, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, सुक्या जवळ्याच्या डब्यामागे. बाटलीवर हिने चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय: खायचं नाही.